जोर नको, मऊ ब्रश हवा

दिव्याखाली अंधार असतो, हे मला माझ्याच घरात शिकायला मिळाले. माझ्या आईला बारा वर्षांपासून मधुमेह होता. तिची साखर मी तपासत असे, गोळ्या मीच लिहून देत असे आणि पथ्याबद्दल कुरकुरही मीच करीत असे. पण ती अंघोळीच्या वेळी पायांचे काय करते, हे मी कधी विचारले नव्हते. तिच्याकडे माहेरून आलेली एक पितळी वज्री होती. रोज सकाळी ती तिने टाचा आणि अंगठे घासायची. "पाय कसे आरशासारखे हवेत," असे तिचे म्हणणे.

एके दिवशी न्हाणीघराच्या फरशीवर मला रक्ताचे दोन थेंब दिसले. मी विचारले, "आई, तुला काही लागलं का?" ती म्हणाली, "नाही रे. कुठं दुखतंय?" पाय वर करून पाहिला, तर उजव्या अंगठ्याच्या खालची कातडी वज्रीने सोलून निघाली होती. जखम दोन-तीन दिवसांची असावी. तिला तिचा पत्ताच नव्हता. ती जखम भरायला पुढे चार महिने लागले आणि शेवटी अंगठा गमवावा लागला. पंचवटीत बसून रोज दहा जणांना पायांची काळजी घ्यायला सांगणाऱ्या डॉक्टरच्या घरातली ही गोष्ट!

त्या दिवसापासून मी रुग्णांना एक प्रश्न न चुकता विचारतो, "तुम्ही घासता कशाने?" दात कशाने, पाय कशाने, पाण्याचे पिंप कशाने, भांडी कशाने? उत्तरे ऐकून मला असे वाटू लागले आहे की, आपल्याकडे स्वच्छतेची आवड भरपूर आहे; पण जितका जोर जास्त तितकी स्वच्छता जास्त, हा गैरसमजही तितकाच मोठा आहे. म्हणून या आठवड्याचा विषय आहे साधा, दहा-वीस रुपयांना मिळणारा मऊ ब्रश.

मळ निघतो कसा?

कोणताही मळ तीन गोष्टींनी निघतो. एक पाणी, दुसरा साबण आणि तिसरा वेळ. पाण्याने मळ भिजतो, साबणाने त्याचा चिकटपणा सुटतो आणि थोडा वेळ दिला की तो आपल्या जागेवरून सैल होतो. त्यानंतर ब्रशचे काम उरते ते फक्त त्याला उचलून बाजूला करण्याचे. त्यासाठी मऊ, लवचिक केस पुरतात. किंबहुना तेच जास्त उपयोगी पडतात, कारण ते वाकतात आणि फटीत, खाचेत, कडेला शिरतात. कडक केस वाकत नाहीत, ते उंचवट्यावरूनच फिरतात. मळ खाचेत तसाच राहतो आणि उंचवटा मात्र झिजतो.

आपण भिजवण्याचा वेळ वाचवतो आणि त्याची भरपाई मनगटाच्या जोराने करतो. मग मळाबरोबर खालचा पृष्ठभागही खरवडला जातो. दाताचे कवच, पायाची कातडी, पिंपाचे प्लॅस्टिक, भांड्याची कल्हई, सगळ्यांची तीच गत होते. खरवडलेल्या पृष्ठभागावर बारीक चरे पडतात आणि पुढचा मळ त्या चऱ्यांत अधिक घट्ट बसतो. म्हणजे जोराने घासणारा माणूस उद्याचे काम आजच वाढवून ठेवतो.

हे सर्जन मंडळींनाही उशिरा कळले. एकेकाळी शस्त्रक्रियेपूर्वी कडक ब्रशने दहा-दहा मिनिटे हात घासण्याची पद्धत होती. हात लाल होत, कातडी सोलवटे. पुढे लक्षात आले की अशा घासण्याने कातडीला इजा होते, तिचे कण जास्त गळतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही बाहेर पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हातांच्या स्वच्छतेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत शस्त्रक्रियेपूर्वी हात धुताना ब्रश वापरू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. नखांखालचा मळ आधी काढावा, मग साबणाने किंवा जंतुनाशक द्रवाने हात नीट चोळावेत, एवढे पुरते. जिथे एका जंतूचीही भीती, तिथे ही पद्धत. मग आपल्या घरात तारेच्या घासणीचा हट्ट कशाला?

दात : हिरडीच्या कडेला लक्ष द्या

आपल्याकडे पूर्वी बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी चावून दात घासत. काडीचे टोक चावून चावून मऊ केल्याशिवाय कोणी ती दाताला लावत नसे. म्हणजे मऊ ब्रशची कल्पना आपल्या आजोबांना ठाऊकच होती. नंतर राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, विटेची भुकटी असे प्रकार आले. या खरखरीत पदार्थांनी दात क्षणभर पांढरे दिसतात, पण रोज थोडे थोडे झिजत जातात. दाताचे वरचे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण एकदा झिजले की ते पुन्हा तयार होत नाही. आतला पिवळसर थर उघडा पडला की थंड पाणी, आंबट ताक सगळेच झिणझिण्या आणते.

मशेरीचे तर वेगळेच. आमच्या जिल्ह्यात आजही कित्येक बायाबापड्या सकाळी मशेरी लावल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दात स्वच्छ करीत नाही. ती तंबाखूची सवय लावते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. हिरड्या दुखतात म्हणून मशेरी आणि मशेरीने हिरड्या आणखी बिघडतात, असे हे चक्र आहे. ज्या घरात मशेरीची डबी आहे, तिथे तिच्या शेजारी एक मऊ ब्रश आणून ठेवावा आणि डबी हळूहळू नव्हे, एकदमच उचलावी. जमत नसेल तर डॉक्टरांची मदत घ्यावी, त्यात लाज नाही.

नायलॉनच्या केसांचा दातांचा ब्रश १९३८ साली अमेरिकेत बाजारात आला. त्याआधी डुकराचे राठ केस वापरत. त्याच देशातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात डॉ. चार्ल्स बास नावाचे एक वैद्यक होते. ते दंतवैद्य नव्हते, हिवतापाच्या परोपजीवींवर संशोधन करणारे होते. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवले की दातांचा खरा शत्रू दात आणि हिरडी यांच्यामधल्या बारीक फटीत बसलेला असतो. तिथे जाण्यासाठी केस बारीक, मऊ आणि टोकाला गोल हवेत. १९४८ साली त्यांनी चांगल्या ब्रशचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातल्या केसाची जाडी होती ०.००७ इंच, म्हणजे पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. आज जगभरचे दंतवैद्य जी पद्धत शिकवतात, तिला बास यांचेच नाव आहे.

पद्धत सोपी आहे. ब्रश हिरडीच्या कडेवर तिरपा, साधारण ४५ अंशांत धरावा. केसांची टोके फटीत जातील इतकाच दाब द्यावा. जागच्या जागी छोटी छोटी थरथर द्यावी आणि मग पुढच्या दातांकडे जावे. करवतीसारखा आडवा ब्रश ओढू नये. आडव्या घासण्याने दाताच्या मुळाशी खाच पडते, ती मी रोज पाहतो. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरला की जोर आपोआप कमी होतो. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा, दोन-दोन मिनिटे पुरेत. चिंच, लिंबू, द्राक्षे असे आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नयेत. आंबटाने कवच थोडा वेळ मऊ पडलेले असते. चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे.

ब्रशचे केस दोन महिन्यांतच फुलाच्या पाकळ्यांसारखे पसरत असतील, तर ब्रश वाईट नाही, तुमचा हात जड आहे, असे समजावे.

कवळी वापरणाऱ्या आजी-आजोबांसाठी दोन शब्द. कवळी टूथपेस्टने घासू नये. पेस्टमधल्या खरखरीत कणांनी कवळीवर चरे पडतात आणि त्यांत बुरशी राहते. मऊ ब्रश आणि साधा सौम्य साबण वापरावा. घासताना खाली पाण्याने भरलेले घमेले किंवा टॉवेल ठेवावा, म्हणजे हातातून सुटली तरी फुटणार नाही. रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी आणि हिरड्या व जीभही मऊ ब्रशने हलकेच पुसून घ्यावी.

पाय : दुखत नाही म्हणून बरे आहे, असे नाही

आता आईच्या अंगठ्याकडे परत येतो. मधुमेह बरीच वर्षे असला, विशेषतः साखर ताब्यात नसली, की पायांच्या नसा मंद होतात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळवे जळजळतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. पुढे दुखणेच कमी होते आणि रुग्णाला वाटते, बरे झाले! खरे तर तिथूनच धोका सुरू होतो. वेदना ही शरीराची राखणदार आहे. राखणदारच झोपला, तर चोर केव्हा आला ते कसे कळणार?

हा धडा आपल्याच देशात शिकला गेला. डॉ. पॉल ब्रँड हे सर्जन १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि त्यांनी कुष्ठरुग्णांवर काम सुरू केले. त्या काळी समज असा होता की कुष्ठरोगाने बोटे आपोआप सडतात आणि गळतात. ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे मुख्यतः न कळलेल्या जखमांमुळे जातात. माणूस गरम भांडे धरतो, खिळ्यावर पाय देतो, चप्पल चावते आणि दुखत नसल्यामुळे तसाच वावरतो. पुढे हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडले.

गंमत अशी की पायांची संवेदना तपासायलाही ब्रशच्या केसासारखाच एक नायलॉनचा धागा वापरतात. तो पायाच्या तळव्यावर टेकवून दाबला की १० ग्रॅम जोराला वाकतो. रुग्णाने डोळे मिटून, स्पर्श झाला की सांगायचे. जो हा स्पर्श ओळखू शकत नाही, त्याच्या पायाला जखमेचा धोका जास्त. दोन मिनिटांची ही तपासणी प्रत्येक मधुमेहीने वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. आईची ती मी केली नव्हती.

म्हणून मधुमेही मंडळींनी वज्री, खरखरीत दगड, ब्लेड, कुरूपाच्या पट्ट्या या गोष्टी पायांपासून दूर ठेवाव्यात. पाय रोज कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावेत. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे तर कोपराने पाहावे, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावे. नखांच्या कडेचा मळ लहान मुलांच्या दातांच्या मऊ ब्रशने, साबण लावून, हलक्या हाताने काढावा. पाय फार वेळ पाण्यात बुडवून ठेवू नयेत, त्याने कातडी फुगते आणि लवकर सोलते. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या सुती फडक्याने टिपून कोरड्या कराव्यात. टाचांना रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे, बेचक्यांत मात्र लावू नये. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोज उजेडात तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा सुनेला, नातवाला पाहायला सांगावे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. पुष्कळ जण ती अनवाणी करतात. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी हा हट्ट धरू नये. देव चप्पल घातलेल्या भक्तावर रागावत नाही. आणि जखम दिसली, मग ती मसुराएवढी का असेना, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावी.

पाण्याचे पिंप : अंडी कुठे असतात?

इथपर्यंत मी कमी घासा असे सांगत आलो. आता एक जागा अशी आहे, जिथे आपण फार कमी घासतो. ती म्हणजे पाण्याच्या पिंपाची आतली कड.

आमच्या जिल्ह्यात पाणी साठवणे ही चैन नव्हे, गरज आहे. नाशिक शहराला गंगापूर धरणाचा आधार आहे, पण मनमाडकरांनी वर्षानुवर्षे पंधरा-पंधरा दिवसांनी नळाला पाणी येण्याचा अनुभव घेतलेला आहे. सिन्नर, येवला, नांदगाव या भागांतल्या वाड्या-वस्त्यांना टँकर नवा नाही. ज्या घरात पाणी केव्हा येईल याचा भरवसा नाही, तिथे पिंपे, हंडे, टाक्या, जुने डबे सगळे भरून ठेवले जाते. आणि 'पाणी ओतून द्या' असा उपदेश तिथे कोणी ऐकणार नाही. ऐकूही नये.

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास नेमका अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यावर वाढतो. तो दिवसा चावतो. २०२४ च्या पावसाळ्यात नाशिक शहरात डेंग्यूने डोके वर काढले, ते वाचकांना आठवत असेल. फवारणीची गाडी आली नाही म्हणून आपण महापालिकेला नावे ठेवतो. पण धुराने उडते डास मरतात, पिंपातली अंडी मरत नाहीत.

ही अंडी कुठे असतात? पुष्कळांना वाटते, पाण्यात. तसे नाही. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. ती काळी, काजळीच्या कणाएवढी असतात आणि सहज डोळ्यांना दिसत नाहीत. भांडे कोरडे पडले तरी अंडी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरले आणि ते अंड्यांपर्यंत पोहोचले की अळ्या बाहेर पडतात. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, असे आरोग्य खाते सांगते, त्याचे कारण हे. पण नुसते पिंप उपडे करून पुन्हा भरले, तर आपण अंड्यांना फक्त सुटी दिली, बाकी काही नाही. भिंत घासलीच पाहिजे.

इथे तारेची घासणी नको. तिने प्लॅस्टिकच्या पिंपाला चरे पडतात आणि त्यांत शेवाळ व मळ साचतो. लांब दांड्याचा मऊ नायलॉनचा ब्रश घ्यावा. तो गोल भिंतीला पूर्ण टेकतो आणि कडेच्या खाचेत शिरतो. इथे हलका हात नको, पण कडक केसही नकोत. पाच-सात वेळा सगळीकडून नीट फिरवावा.

मध्य अमेरिकेत होंडुरास नावाचा छोटा देश आहे. तिथेही बायका सिमेंटच्या हौदांत आणि पिंपांत पाणी साठवतात. तिथल्या संशोधकांनी गृहिणींच्या कपडे धुण्याच्या सवयीतूनच एक उपाय तयार केला आणि १९९८ साली तो प्रसिद्ध केला. त्याला त्यांनी 'उन्तादिता' म्हटले. त्याचा अर्थ 'थोडेसे माखणे'. कपडे धुण्याची पावडर आणि ब्लीच एकत्र करून पाण्याच्या पातळीवरच्या भिंतीला माखायचे, थोडा वेळ तसेच ठेवायचे, मग ब्रशने घासून धुऊन टाकायचे. माखल्याने अंडी मरतात आणि घासल्याने निघतात. नवे काही विकत घ्यायला नको, फक्त हात योग्य जागी फिरला पाहिजे.

आपल्याकडे हे असे करता येईल. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी पिंप जवळजवळ रिकामे झालेले असते. उरलेले पाणी वापरून संपवावे किंवा फडक्यातून गाळून बादलीत काढावे. आतल्या भिंतीला, विशेषतः वरच्या कडेला, साबणाची पावडर आणि थोडे ब्लीच माखावे. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. मग ब्रशने घासून दोन-तीन पाण्यांनी, वास जाईपर्यंत धुवावे. ते धुवण कोरड्या, उन्हातल्या मातीवर ओतावे, गटारात किंवा कुंडीत नको. पिंप उन्हात वाळवावे आणि भरल्यावर घट्ट झाकण लावावे किंवा सुती कापड बांधावे. एक इशारा मात्र ध्यानात ठेवावा. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड किंवा लिंबू, व्हिनेगर असे आंबट काहीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. पिण्याच्या पाण्याच्या माठाला ब्लीच न लावता नुसता ब्रश, गरम पाणी आणि ऊन पुरे.

जी टाकी रिकामी करणे शक्यच नाही, तिच्यात आरोग्य कर्मचाऱ्यांकडून औषध टाकून घ्यावे किंवा गप्पी मासे सोडावेत. कूलरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली आणि चिमण्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे, ही सगळी पिंपाचीच भावंडे समजावीत. पक्ष्यांना पाणी जरूर ठेवावे, पण ते भांडेही दर आठवड्याला घासावे.

स्वयंपाकघरात

बटाटे, गाजर, रताळी, आले, मुळा या जमिनीतल्या भाज्या वाहत्या पाण्याखाली स्वतंत्र मऊ ब्रशने घासाव्यात. साबण लावू नये. साल काढायची असली तरी आधी धुवावी, नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. आपल्या नाशिकच्या द्राक्षांना मात्र ब्रश लावू नये. घड मोकळा करून वाहत्या पाण्याखाली बोटांनीच चोळून धुवावा.

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचे नाव मोठे आहे. आमच्या भांडी बाजारातून घेतलेला हंडा तीन पिढ्या टिकतो, पण त्याची कल्हई तारेच्या घासणीपुढे टिकत नाही. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी, कढी, चिंचेचे सार असे आंबट पदार्थ केले तर धातू अन्नात उतरतो आणि मळमळ, उलट्या होतात. कल्हईची भांडी मऊ ब्रशने किंवा भिजवलेल्या काथ्याने हलकेच घासावीत आणि आत लाल-पिवळा धातू दिसू लागला की पुन्हा कल्हई करून घ्यावी. तांब्याच्या पाण्याच्या लोट्याला बाहेरून लिंबू-मीठ लावायला हरकत नाही. आत लावले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

तारेच्या घासणीचा आणखी एक दोष आहे. जुनी झाली की तिचे तुकडे सुटतात आणि भांड्यात चिकटून राहतात. असा तुकडा घासाबरोबर गेला तर घशात टोचतो. करपलेले पातेले रात्रभर पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून ठेवा. सकाळी मऊ ब्रशही पुरतो.

तान्ह्या बाळाला दूध पाजण्याची बाटली शक्यतो वापरूच नये. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे, ती उगीच नाही. आईचे दूध किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने वाटी-चमचा उत्तम, कारण वाटीला कोपरे नसतात. बाटली वापरावीच लागली तर तिचा ब्रश वेगळा ठेवावा, बुचाच्या आतली बाजूही घासावी आणि मग उकळावी.

ब्रशचीही काळजी

घाण ब्रशने केलेली स्वच्छता म्हणजे मळक्या टॉवेलने तोंड पुसण्यासारखे आहे. प्रत्येक कामाचा ब्रश वेगळा असावा. दांड्याला निरनिराळ्या रंगांचा दोरा बांधला की घरातल्या मुलांनाही तो ओळखता येतो. काम झाल्यावर ब्रश धुऊन, झटकून, केस वर करून उभा ठेवावा. ओला ब्रश डबीत कोंडला की त्यावर जंतू वाढतात. दातांचे ब्रश एका पेल्यात एकमेकांना चिकटतील असे ठेवू नयेत आणि एकाचा दुसऱ्याने, नवरा-बायकोनेही, वापरू नये. दातांचा ब्रश तीन महिन्यांनी किंवा केस पसरले की त्याआधीच बदलावा. जुना ब्रश टाकू नये. उकळत्या पाण्यातून काढून तो नळाच्या कडा, कूलरचे कोपरे, खिडकीच्या खाचा यांसाठी वापरावा. मात्र एकदा तिकडे गेलेला ब्रश पुन्हा भाजीकडे येऊ नये.

या आठवड्यात एवढेच करा

वाचकहो, हा लेख वाचून घरातले सगळे एका दिवसात बदलेल, अशी माझी अपेक्षा नाही. तीन गोष्टी करा. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर आजच संध्याकाळी त्याचे दोन्ही तळवे दिव्याच्या उजेडात पाहा. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी पिंपाची वरची कड ब्रशने घासा. आणि उद्या सकाळी दात घासताना ब्रश मुठीत न धरता बोटांत धरा. तिन्हींना मिळून अर्धा तासही लागणार नाही.

आईची ती पितळी वज्री अजून माझ्याकडे आहे. दवाखान्यात टेबलाच्या खणात ठेवली आहे. एखादी मावशी "डॉक्टर, पायाला काही दुखत नाही हो," असे म्हणाली, की मी ती काढून तिच्या हातात देतो आणि विचारतो, "मावशी, तुमच्या घरी अशी आहे का?" बहुतेक वेळा असते. मग मी म्हणतो, "आता पाय वर करा, पाहू."